एका उपकाराचे व्याज

१ एप्रिल १९२९ चा दिवस. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर हे लहानसे गाव त्या काळातही साऱ्या जगाला ठाऊक होते, ते तिथल्या मेयो क्लिनिकमुळे. त्या दिवशी तिथे पासष्ट वर्षांचे एक गृहस्थ आले होते. ते स्वतः डॉक्टर होते आणि संधिवाताने जेरीस आलेले होते. हा संधिवात थंडीपावसात गुडघे धरतो तो नव्हे. बोटे, मनगटे, घोटे असा एकेक सांधा सुजवत आणि वाकडा करत जाणारा, माणसाला हळूहळू अंथरुणाला खिळवणारा तो भयंकर विकार. या गृहस्थांनी बोलता बोलता एक विचित्र गोष्ट सांगितली. मध्यंतरी त्यांना कावीळ झाली होती. डोळे पिवळे झाले, आणि दुसऱ्याच दिवसापासून सांध्यांच्या वेदना ओसरू लागल्या. कावीळ चारेक आठवडे राहिली आणि गेली. सांधे मात्र त्यानंतरही कित्येक महिने गप्प होते.

एखाद्या घाईतल्या डॉक्टरने ही गोष्ट हसून सोडून दिली असती. समोर बसलेल्या तेहतीस वर्षांच्या डॉक्टरांनी ती टिपून ठेवली. त्यांचे नाव फिलिप शोवॉल्टर हेंच. या टिपणातून पुढे कॉर्टिसोन हे औषध आले, म्हणजे आज ज्याला आपण सरसकट स्टिरॉइड म्हणतो त्या कुळातले पहिले मोठे औषध. त्याने लक्षावधी माणसांना उठवून बसवले. आणि त्यानेच लक्षावधी माणसांची हाडे ठिसूळ केली, चेहरे सुजवले, रक्तातली साखर वाढवली. एकाच औषधाच्या या दोन्ही बाजू अगदी पहिल्यांदा पाहण्याचे भाग्य किंवा दुर्भाग्य हेंच यांच्या वाट्याला आले. घरात कुणाला वर्षानुवर्षे ही गोळी घ्यावी लागत असेल, तर या माणसाची कथा माहीत असलेली बरी.

हेंच यांचा जन्म २८ फेब्रुवारी १८९६ चा, पिट्सबर्गचा. जन्मतःच त्यांची टाळू दुभंगलेली होती. त्यामुळे उच्चार स्पष्ट होत नसत. असे मूल एरवी चारचौघांत बोलायचेच टाळते. हेंच यांनी मात्र त्या अडचणीवर अशी मात केली, की पुढे भरलेल्या सभागृहात तासभर श्रोत्यांना खिळवून ठेवणारे व्याख्याते म्हणून त्यांची ख्याती झाली. १९२० मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली, मेयो क्लिनिकमध्ये उमेदवारी केली आणि १९२६ मध्ये तिथल्या संधिवात विभागाची सूत्रे हाती घेतली. त्या काळी संधिवात हा डॉक्टरांचा नावडता विषय होता. रोग बरा होत नाही, रुग्ण मरतही नाही, आणि दर भेटीत तेच गाऱ्हाणे. हातात औषध म्हणून ॲस्पिरिन, शेक, विश्रांती आणि धीराचे चार शब्द. हेंच यांचा विश्वास वेगळा होता. हा रोग एकदा सुरू झाला की मागे फिरत नाही, ही सर्वमान्य समजूत त्या पिवळ्या डोळ्यांच्या गृहस्थांनी खोटी ठरवली होती. रोग मागे फिरू शकतो आणि मागे फिरवणारी वस्तू शरीरातच कुठेतरी आहे, असे हेंच यांच्या मनाने घेतले.

मग त्यांनी असे रुग्ण जमवायला सुरुवात केली. कावीळ झाली आणि सांधे मोकळे झाले, असे आणखी काही जण सापडले. १९३३ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. नंतर लक्षात आले की गरोदरपणातही असेच घडते. नऊ महिने बाई हिंडती-फिरती असते आणि बाळंतपणानंतर दुखणे परत येते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, दीर्घ उपासानंतरही काहींना थोडे दिवस आराम पडतो. कावीळ, गर्भारपण, उपास आणि शस्त्रक्रिया यांत सामाईक काय असावे? स्त्री-पुरुष दोघांतही ते दिसते, म्हणजे ते केवळ स्त्रीचे संप्रेरक नाही. कावीळ नसतानाही ते दिसते, म्हणजे ते केवळ पित्तही नाही. या अज्ञात वस्तूला हेंच यांनी बीजगणितातल्यासारखे एक्स असे नाव दिले. ती हाती लागावी म्हणून त्यांनी रुग्णांना पित्त देऊन पाहिले, पित्ताचे क्षार देऊन पाहिले, काविळीच्या रुग्णाचे रक्तसुद्धा देऊन पाहिले. काहीच साधले नाही. आजच्या नियमांत यातले बरेच प्रयोग बसणार नाहीत. पण त्या दहा-पंधरा वर्षांत त्यांनी तो नाद सोडला नाही, हे खरे.

त्याच गावात, त्याच संस्थेत एडवर्ड केंडल नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ दुसऱ्याच कोड्याच्या मागे होते. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी बसलेली असते. तिला अधिवृक्क किंवा ॲड्रिनल ग्रंथी म्हणतात. वजन अवघे काही ग्रॅम, पण ती काम करेनाशी झाली तर माणूस जगत नाही. कत्तलखान्यांतून टनावारी गुरांच्या ग्रंथी आणून केंडल त्यांतून एकेक पदार्थ वेगळा काढत होते आणि त्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे देत होते. जानेवारी १९४१ मध्ये दोघांचे बोलणे झाले आणि असे ठरले, की संधिवातावर केंडल यांचा ई हा पदार्थ एकदा वापरून पाहायचा. अडचण एवढीच होती, की रुग्णाला देण्याइतका तो जगात कुठेच नव्हता.

तो तयार व्हायला महायुद्ध कारण झाले. जर्मन वैमानिकांना ॲड्रिनल ग्रंथीचा अर्क दिला जातो आणि त्यामुळे ते प्रचंड उंचीवर विमाने चालवू शकतात, अशी अफवा अमेरिकेत पसरली. ती खोटी होती. पण अमेरिकी सरकारने या संशोधनाला अग्रक्रम दिला. १९४४ च्या डिसेंबरात मर्क कंपनीतील लुईस सॅरेट या तरुण रसायनशास्त्रज्ञाने तीसहून अधिक पायऱ्यांची किचकट प्रक्रिया करून पदार्थ ई प्रयोगशाळेत बनवला. त्यासाठी कच्चा माल काय वापरला होता? बैलाच्या पित्तातील आम्ल. हेंच यांनी काविळीच्या पित्तात जे शोधले आणि सापडले नाही, ते अखेरीस पित्तापासूनच बनवावे लागले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. हेंच त्या वेळी सैन्याच्या वैद्यकीय सेवेत कर्नल होते आणि अर्कान्सासमधील हॉट स्प्रिंग्ज येथे सैनिकांसाठीचे संधिवात केंद्र चालवत होते.

युद्ध संपले, हेंच परतले. १९४८ च्या उन्हाळ्यात इंडियाना राज्यातली एकोणतीस वर्षांची एक स्त्री रॉचेस्टरच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात दाखल झाली. काही वर्षांच्या संधिवाताने ती जवळजवळ पांगळी झाली होती. होते ते सारे उपाय झाले, गुण येईना. ती मात्र काहीतरी झाल्याशिवाय घरी जायला तयार नव्हती. तेव्हा हेंच आणि केंडल यांनी मर्ककडे पदार्थ ई मागितला. २१ सप्टेंबर १९४८ रोजी पहिले इंजेक्शन दिले गेले. मात्रा ठरवली दिवसाला शंभर मिलिग्रॅम. ही मात्रा तेव्हाच्या मानाने खूप मोठी होती आणि ती तशी ठरवली गेली हा नशिबाचा भाग. ती कमी असती तर बहुधा काहीच दिसले नसते आणि प्रकरण तिथेच मिटले असते. दोन-तीन दिवसांत त्या बाईला अंथरुणात कूस बदलताना दुखेनासे झाले. आठवडा उलटला तेव्हा ती चालत बाहेर पडली आणि बाजारात खरेदी करून आली.

हेंच आणि त्यांचे सहकारी स्लोकम व पॉली यांनी आणखी पंधरा-सोळा रुग्णांवर उपचार होईतो तोंड बंद ठेवले. एप्रिल १९४९ मध्ये त्यांनी मेयोमधील सभेत चित्रपट दाखवला. आधी खुर्चीतून उठताना विव्हळणारी माणसे, आणि काही दिवसांनी जिना चढणारी तीच माणसे. मुरलेल्या डॉक्टरांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून बातमी जगभर गेली आणि रॉचेस्टरला पत्रांचा पाऊस सुरू झाला. पदार्थ ई चे नाव ई जीवनसत्त्वाशी गोंधळ नको म्हणून बदलण्यात आले होते. नवे नाव कॉर्टिसोन. सुरुवातीला एका ग्रॅमला दोनशे डॉलर पडत. पुढे मेक्सिकोतील रानकंदांपासून आणि एका बुरशीच्या मदतीने ते बनू लागले तेव्हा किंमत कोसळली. १९५० च्या डिसेंबरात हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या इंजेक्शनपासून नोबेलपर्यंत जेमतेम सव्वादोन वर्षे. एवढ्या झपाट्याने हा सन्मान फार थोड्या शोधांच्या वाट्याला आला आहे. हेंच यांनी पारितोषिकाच्या रकमेतून स्लोकम आणि पॉली यांना वाटा दिला.

त्याच सुमारास राऊल द्यूफी हा प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार संधिवाताने आखडलेल्या बोटांनिशी उपचारासाठी बॉस्टनला गेला. कॉर्टिसोनने त्याची बोटे मोकळी झाली, कुंचला पुन्हा हातात आला. त्याने फुलांचे एक चित्र काढले आणि कृतज्ञतेने त्याला नाव दिले कॉर्टिसोन. एखाद्या औषधाला याहून सुंदर पावती मिळाली नसेल. अर्थात त्यालाही या औषधाचे दुष्परिणाम चुकले नाहीत.

कारण पावतीमागोमाग बिलही येऊ लागले होते.

पहिली गोष्ट अशी दिसली, की औषध थांबवले की रोग परत येतो, कधी कधी दुप्पट जोराने. म्हणजे हे औषध रोग बरा करत नव्हते, दाबून धरत होते. म्हणून ते देत राहावे लागे. आणि देत राहिले की रुग्णाचा चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल होई, मानेमागे चरबीचा उंचवटा येई, हातपाय बारीक आणि पोट मोठे होई. कुणाला मधुमेह होई, कुणाचा रक्तदाब चढे, कुणाच्या जखमा भरत नसत. काही जण अकारण उल्हसित होत, रात्र रात्र जागत. काहींचा मनावरचा ताबा पार सुटे. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला इथे उचल आणि व्याज हेच शब्द आठवणार. उचल लगेच हातात पडते. व्याज मागाहून, सावकाश, दर महिन्याला चढत जाते.

या व्याजातला सर्वांत फसवा भाग बाहेरून दिसत नाही. आपल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज गरजेपुरते संप्रेरक बनवतात. आज वापरात असलेल्या प्रेडनिसोलोनच्या हिशेबात सांगायचे तर साधारण पाच मिलिग्रॅमच्या गोळीइतके. रक्तात किती माल आहे यावर मेंदूतली पीयूषिका ग्रंथी नजर ठेवून असते. बाहेरून गोळ्यांचा पुरवठा सुरू झाला की ती ॲड्रिनलला काम थांबवण्याचा निरोप देते. महिनोन् महिने काम नसलेली ग्रंथी आक्रसून जाते, झोपी जाते. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर शरीराकडे ना बाहेरचा माल, ना घरचा. आजारपण, अपघात किंवा शस्त्रक्रिया यांच्या वेळी निरोगी शरीर हे संप्रेरक कित्येक पटींनी वाढवते. झोपलेल्या ग्रंथीला ते जमत नाही. १९५२ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी अशा एका संधिवाताच्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. तो कॉर्टिसोन घेत होता. शस्त्रक्रिया नीट पार पडली, पण काही तासांतच त्याचा रक्तदाब कोसळला आणि तो वाचला नाही. शवचिकित्सेत दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी सुकलेल्या आढळल्या. स्टिरॉइड अचानक थांबवू नये आणि शस्त्रक्रियेआधी त्याची कल्पना सर्जनला द्यावी, हा आजचा नियम अशा मृत्यूंच्या किमतीवर शिकलेला आहे.

१९५४ मध्ये ब्रिटनमध्ये कॉर्टिसोन आणि जुने ॲस्पिरिन यांची शास्त्रशुद्ध तुलना झाली. संधिवाताच्या सुरुवातीच्या रुग्णांत दोहोंमध्ये फारसा फरक आढळला नाही. ज्या औषधाला पाच वर्षांपूर्वी चमत्कार म्हटले होते, त्याच्यावर आता टीका सुरू झाली. हेंच यांना हे लागले असणारच. पण त्यांनी औषधाची वकिली केली नाही आणि त्याला टाकूनही दिले नाही. कॉर्टिसोन हा रोगावरचा कायमचा इलाज नाही, हे त्यांनी आरंभापासून सांगितले होते. मोठ्या मात्रा देऊन आलेली अपकीर्ती ही औषधाइतकीच देणाऱ्यांचीही आहे, लागेल तेवढेच द्या, कमीत कमी द्या, उतरवताना सावकाश उतरवा, असा त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आग्रह राहिला. औषध सोडवताना रुग्णाच्या अंगात नेमके काय काय घडते, याचा अभ्यास स्लोकम यांनी केला. ज्यांनी औषध जगापुढे आणले, त्यांनीच त्याच्या उपद्रवाची नोंदवही ठेवली. हा प्रामाणिकपणा मला नोबेलपेक्षा मोठा वाटतो.

हेंच यांना आणखी एक नाद होता. पीतज्वर डासांमुळे पसरतो हे १९०० साली क्यूबात सिद्ध झाले, तेव्हा त्या प्रयोगांत जेसी लझीअर हा तरुण डॉक्टर मरण पावला होता आणि अनेक स्वयंसेवकांनी स्वतःला डास चावून घेतले होते. त्या इतिहासाची कागदपत्रे हेंच वर्षानुवर्षे जमवत राहिले. हयात स्वयंसेवकांना भेटले, क्यूबात जाऊन त्या छावणीची जागा शोधून काढली. तिथे स्मारक उभे राहिले ते १९५२ मध्ये. पुस्तक मात्र लिहून झाले नाही. पीतज्वर म्हणजेही डोळे पिवळे करणारा, यकृतावर घाला घालणारा रोग. १९५७ मध्ये ते मेयोतून निवृत्त झाले. ३० मार्च १९६५ रोजी जमैकात सुटीवर असताना न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. पिवळ्या डोळ्यांची ती हकीकत ऐकल्याला तेव्हा दोन दिवस कमी छत्तीस वर्षे झाली होती.

त्यांच्या शोधाची कथा मात्र त्यांच्यामागेही चालू राहिली, आणि ती पुन्हा यकृताकडेच वळली.

१९५० च्या सुमारास स्वीडनमधील वाल्डेनस्ट्रॉम या डॉक्टरांनी तरुण स्त्रियांमध्ये दिसणाऱ्या एका विचित्र यकृतदाहाचे वर्णन केले. दारू नाही, ओळखीचा विषाणू नाही, तरी कावीळ होते, थकवा जात नाही, यकृत आक्रसत जाते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या इयन मॅके यांनी १९५६ मध्ये या आजाराला नाव दिले. कारणही हळूहळू उमगले. शरीराची रोगप्रतिकारशक्ती परक्यांऐवजी आपल्याच यकृतावर तुटून पडते. पहारेकऱ्याने घरच्याच माणसावर काठी उगारावी तसे हे. आज याला ऑटोइम्यून हिपॅटायटिस म्हणतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा जास्त आढळतो. मुलांनाही होतो.

पहारेकऱ्याला शांत करायला स्टिरॉइडसारखे दुसरे काही नव्हते. पण व्याजाची धास्ती सर्वांनाच बसली होती. तेव्हा लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात शीला शेरलॉक या विख्यात यकृततज्ज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तोलून पाहायचे ठरवले. निकाल १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रेडनिसोलोन मिळालेल्या २२ रुग्णांपैकी ३ दगावले. न मिळालेल्या २७ पैकी १५. संधिवातात कॉर्टिसोन आणि ॲस्पिरिन बरोबरीत सुटले होते. इथे प्रश्न दुखण्याचा नव्हता, जिवाचा होता, आणि उत्तर निर्विवाद होते. पुढच्याच वर्षी हेंच यांच्या मेयो क्लिनिकमधूनही तसाच निष्कर्ष आला. तिथल्या डॉक्टरांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. स्टिरॉइडच्या जोडीला ॲझाथायोप्रिन हे दुसरे औषध दिले तर स्टिरॉइडची मात्रा निम्म्यावर आणता येते, गुण तोच राहतो आणि उपद्रव पुष्कळच कमी होतो. ज्या काविळीने हेंच यांना हे औषध शोधायला लावले होते, त्या काविळीच्याच एका रूपावर ते औषध रामबाण ठरले. हे पाहायला हेंच नव्हते.

तरी रामबाण हा शब्द जपून वापरावा. या आजारात सुरुवातीला रोज तीस ते साठ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन देऊन मग ते पायरी पायरीने उतरवतात. शरीराची रोजची गरज पाचेक मिलिग्रॅमची. यावरून केवढी उचल होते ते दिसेल. उपचार निदान दोन-तीन वर्षे तरी चालतो आणि थांबवल्यावर निम्म्याहून अधिक जणांत रोग परत येतो. म्हणून बहुतेकांना थोडे का होईना औषध आयुष्यभर लागते. इतक्या वर्षांत हाडांतला चुना झिजतो, मणका नुसत्या वाकण्याने दबू शकतो. त्यात यकृताचा जुनाट आजार हाडांना आधीच दुबळे करत असतो. डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो, काचबिंदूही होऊ शकतो. साखर आणि रक्तदाब वाढतात. कातडी पातळ होते, साध्या धक्क्यानेही काळेनिळे डाग पडतात. लहान मुलांची उंची खुंटते. दबलेली प्रतिकारशक्ती जुन्या क्षयाला किंवा बी प्रकारच्या काविळीच्या विषाणूला पुन्हा डोके वर काढू देते. म्हणून चांगले डॉक्टर औषध सुरू करण्यापूर्वीच या दोन्हींच्या तपासण्या करतात.

पण खरा पेच बहुतेक वेळा आरशापुढे उभा राहतो. वीस वर्षांची मुलगी असावी. काविळीतून उठलेली, रक्ताचे अहवाल सुधारत असलेले. आणि तिचा चेहरा तिचा राहिलेला नाही. गाल सुजलेले, तोंडावर मुरुमे, वजन वाढलेले. लग्नकार्यात बायका विचारतात, काय गं, केवढी सुटलीस. कॉलेजातल्या मैत्रिणी न विचारता बघत राहतात. कावीळ तिला आता दिसत नाही, चेहरा रोज दिसतो. मग एक दिवस ती कुणाला न सांगता गोळ्या टाकून देते. वजन आणि चेहऱ्यातला बदल हे या आजारात स्टिरॉइड सुटण्याचे एक मोठे कारण आहे, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक असते. घरच्यांना ते ठाऊक नसते. ते तिला नटव्या मनाची ठरवतात. गोळ्या टाकणे जिवावर बेतू शकते, हे तिला रागावून सांगण्यापेक्षा तिचे दुःख खरे आहे असे आधी कबूल करावे. मात्रा उतरली की चेहरा पुष्कळसा पूर्ववत होतो, हेही तिला सांगावे. आणि मात्रा उतरवण्याच्या वाटा आहेत का, हे डॉक्टरांना तिच्या वतीने विचारावे.

वाटा आहेत. ॲझाथायोप्रिनची जोड ही पहिली. ब्युडेसोनाइड नावाचे एक नवे स्टिरॉइड दुसरी. त्याचा बराचसा भाग यकृतातच खर्ची पडतो, त्यामुळे उरलेल्या शरीराला झळ कमी लागते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील मोठ्या पाहणीत ते दिसून आले. मात्र यकृत आधीच निबर होऊन सिरोसिस झाला असेल तर ते चालत नाही, कारण मग गाळणीच काम करत नाही. कुणाला काय द्यायचे हा निर्णय तज्ज्ञांचा. घराने करायच्या गोष्टी साध्याच आहेत. औषध स्वतःहून कमी-जास्त न करणे. दातांच्या डॉक्टरांपासून सर्जनपर्यंत प्रत्येकाला स्टिरॉइड चालू आहे हे सांगणे, आणि तशी चिठ्ठी रुग्णाच्या खिशात किंवा पर्समध्ये ठेवणे. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर वाट न पाहता दवाखाना गाठणे. साखर, रक्तदाब, डोळे आणि हाडांची घनता ठरल्या वेळी तपासणे. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणे. रोज चालणे, मीठ-साखर आवरणे. व्यायामशाळांत चोरून घेतली जाणारी स्नायू फुगवणारी स्टिरॉइड्स वेगळी, ही वेगळी. नावातल्या साम्याने घाबरू नये.

आपल्याकडे या औषधाबाबत दोन टोके दिसतात. एक भीतीचे. स्टिरॉइड हा शब्द ऐकताच चिठ्ठी फाडून टाकणारे, आणि मग कुणीतरी सांगितलेल्या पुड्या घेणारे. त्यांतल्या कित्येक पुड्यांत लगेच गुण यावा म्हणून स्टिरॉइडच मिसळलेले असते, हे तपासण्यांत अनेकदा उघड झाले आहे. म्हणजे चिठ्ठीवरचे मोजून दिलेले टाकायचे आणि पुडीतले बेमोजणी खायचे. दुसरे टोक अतिविश्वासाचे. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते महाराष्ट्राने पाहिले. गंभीर रुग्णांचे प्राण स्टिरॉइडने वाचतात हे आदल्या वर्षीच सिद्ध झाले होते, आणि ते खरेच होते. पण गरज नसलेल्यांना, जास्त मात्रेत, साखर न तपासता ते दिले गेले तिथे काळ्या बुरशीच्या आजाराला वाट मिळाली. किती घरांतून एकेक डोळा, एकेक जबडा गेला. पहिले इंजेक्शन देऊन तोवर सत्तरहून अधिक वर्षे झाली होती आणि धडा तोच होता.

हेंच यांच्या उपकाराचे मोल या व्याजामुळे कमी होत नाही. ते औषध नसते तर आज घरात वावरणारी कितीतरी माणसे भिंतीवरच्या तसबिरीत असती. पण हे कर्ज आंधळेपणाने उचलण्याचे नव्हे आणि घाबरून हप्ता बुडवण्याचेही नव्हे. गरज असेल तर घ्यावे, कागद वाचून घ्यावे आणि डॉक्टर सांगतील त्या वेगाने, हळूहळू फेडावे. हेंच आणि त्यांचे सहकारी आयुष्यभर तेच सांगत राहिले.